तारेखालचा आवाज : इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलताना

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता छेडली, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंतही धड पोहोचत नाही. साध्या, म्हणजे ‘अकूस्टिक’ गिटारला पोकळ पोट असते. त्यात नाद घुमतो आणि मोठा होऊन बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तिचा कंठ असतो तो तारांच्या खाली, लाकडातील खोबणीत बसवलेल्या बोटभर लांबीच्या एका डबीत. या डबीला ‘पिकअप’ म्हणतात. ही डबी काढून दुसरी बसवली, की तारा त्याच, लाकूड तेच आणि वाजवणारे हातही तेच असूनही वाद्याचा स्वभाव बदलतो.

गेल्या पन्नास वर्षांत पिकअप बदलणे हा जगभरच्या गिटारवादकांचा छंद झाला आणि त्यातून एक स्वतंत्र उद्योगही उभा राहिला. मात्र हा बदल करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न असतो. वाद्य जसे मिळाले तसे जपायचे, की आपल्या हाताला हवे तसे घडवायचे? सोल्डरिंगचा सांधा पुन्हा वितळवता येतो; पटाशीने कोरलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही. कोणता बदल मागे घेता येतो आणि कोणता येत नाही, हे ओळखायचे तर पिकअपचे विज्ञान आणि त्याचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो.

चुंबक, वेटोळे आणि तार

पिकअपची रचना साधी आहे. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढेच त्याचे मुख्य भाग. गिटारची पोलादी तार या चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही काहीशी चुंबकित होते. ती कंप पावू लागली, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकक्षेत्र तिच्या कंपनाच्या लयीत बदलत राहते आणि वेटोळ्यात तितक्याच वारंवारतेचा क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. हा प्रवाह ॲम्प्लिफायर वाढवतो आणि स्पीकर त्याचा पुन्हा नाद करतो. पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. तो हवेतील आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल टिपतो. म्हणूनच नायलॉनच्या तारांसमोर तो मुका राहतो.

लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ साली नालाच्या आकाराचे चुंबक वापरून असा पिकअप बनवला. रिकनबॅकर कंपनीने तो ज्या गिटारवर बसवून विकला, तिला तिच्या गोल तोंडावळ्यामुळे ‘फ्राइंग पॅन’ हे टोपणनाव पडले. बोशाँ यांनी १९३४ मध्ये केलेल्या अर्जावर १९३७ साली पेटंट मिळाले. पुढे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय केलेल्या लिओ फेंडर यांनी १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार बाजारात आणली. तिच्यात प्रत्येकी एकेका वेटोळ्याचे तीन पिकअप होते. अशा पिकअपमध्ये ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे असतात. ही तार उलगडून ओळीत मांडली, तर तिची लांबी एक किलोमीटरहून अधिक भरेल.

घरघर आणि तिच्यावरील उतारा

एकेरी वेटोळ्याच्या, म्हणजे ‘सिंगल कॉइल’ पिकअपचा आवाज स्वच्छ, टणत्कारी आणि धारदार असतो. त्याच्यात एक दोषही आहे. वेटोळे तारेची हालचाल टिपते, त्याचप्रमाणे भोवतालच्या विद्युतयंत्रणेचे चुंबकक्षेत्रही टिपते. ट्यूबलाइटची चोक, ट्रान्सफॉर्मर, पंख्याचा रेग्युलेटर अशा सर्वांची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असल्याने तेथे ही घरघर त्या पट्टीत असते, तर भारतात ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींमध्ये.

मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर तोडगा काढला. त्यांनी दोन वेटोळी शेजारीशेजारी ठेवली. एकाचा चुंबकीय ध्रुव दुसऱ्याच्या विरुद्ध ठेवला आणि विद्युतदृष्ट्याही दोन्हींची जोडणी उलट केली. बाहेरून येणारी घरघर दोन्ही वेटोळ्यांत उलटसुलट होऊन एकमेकींना खोडते. तारेचा संदेश मात्र चुंबकामुळे एकदा आणि जोडणीमुळे दुसऱ्यांदा उलटत असल्याने दोन्हीकडे एकाच दिशेचा राहतो व त्याची बेरीज होते. घरघरीला, म्हणजे ‘हम’ला रोखणारा म्हणून याचे नाव ‘हमबकर’. १९५७ पासून तो ‘लेस पॉल’ गिटारवर बसू लागला. पेटंट १९५९ मध्ये मिळाले. तोवर पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्या आद्याक्षरांवरून त्या काळचे पिकअप आजही ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात आणि संग्राहक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात.

घरघर गेली, पण तिच्याबरोबर आवाजाची थोडी धारही गेली. दोन वेटोळी तारेचे दोन निरनिराळे बिंदू टिपतात, त्यामुळे काही उच्च स्वरांश परस्परांत विरतात. एकत्रित वेढ्यांमुळे पिकअपचा वरच्या पट्टीतील प्रतिसादही आवरला जातो. परिणामी हमबकरचा आवाज भरदार, गोल आणि जोरकस होतो. कोणाला घरघर चालते पण धार हवी असते, कोणाला धार नको असते पण जोर हवा असतो. पिकअपच्या अदलाबदलीचे मूळ या निवडीत आहे.

पटाशी, मेण आणि पन्नास डॉलरचे लाकूड

ही निवड मान्य नसलेला एक तरुण १९७०च्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे होता. एडी व्हॅन हेलन हे त्याचे नाव. त्याला गिब्सनचा भरदार आवाज हवा होता आणि स्ट्रॅटोकास्टरचा, तारा ताणून-सैलावून स्वर डोलवणारा दांडाही हवा होता. दोन्ही गोष्टी एका गिटारमध्ये मिळत नव्हत्या. त्याने पन्नास डॉलरला किरकोळ दोष असलेले स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराचे लाकडी अंग आणि ऐंशी डॉलरला मान विकत घेतली. लाकूड कोरून त्यात गिब्सनच्या ‘ईएस-३३५’ गिटारमधून काढलेला हमबकर बसवला.

त्यात दोन अडचणी होत्या. गिब्सनच्या तारांपेक्षा फेंडरच्या ब्रिजवरील तारांमधील अंतर अधिक असल्याने पिकअपचे सहा खांब सहा तारांखाली नेमके येत नव्हते; पिकअप किंचित तिरपा बसवल्याने ते जुळले. दुसरी अडचण होती ती किंकाळीची. मोठ्या आवाजात वेटोळ्यातील सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि पिकअप कर्कश ओरडू लागतो. त्यावर उपाय म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला, की मेण वेढ्यांमध्ये शिरून गोठते आणि त्यांची थरथर थांबते. व्हॅन हेलन यांनी हे घरीच केले आणि त्या खटाटोपात काही पिकअप वितळूनही गेले. मूळ गिटारमधील गुंतागुंतीची जोडणी टाळून त्यांनी केवळ आवाज कमी-जास्त करणारे एकच बटण ठेवले.

फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि या ओबडधोबड वाद्याचा आवाज जगभर पोहोचला. निरनिराळ्या गिटारींचे अवयव जोडून झालेल्या या गिटारला ‘फ्रँकनस्टाइन’ हे नाव शोभून दिसले. २००७ साली फेंडर कंपनीने तिच्या ओरखड्यांसकट ३०० प्रतिकृती प्रत्येकी २५ हजार डॉलर किमतीला विक्रीस काढल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने भरवलेल्या रॉक संगीतातील वाद्यांच्या प्रदर्शनात मूळ गिटार मांडली गेली. व्हॅन हेलन यांचे २०२० साली निधन झाले.

इंग्लंडमध्ये ब्रायन मे यांनी त्यापूर्वीच असा प्रयोग केला होता. १९६३ साली त्यांनी आणि त्यांचे अभियंता वडील हॅरॉल्ड यांनी मिळून घरीच गिटार बनवायला घेतली. तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतले होते. घरी बनवलेल्या पिकअपनी समाधान न झाल्याने त्यांनी बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप घेतले आणि त्यांची थरथर थांबवण्यासाठी ते अराल्डाइटने भरून टाकले. प्रत्येक पिकअपला चालू-बंद करणारा एक आणि त्याची विद्युतदिशा उलटवणारा एक, असे स्वतंत्र खटके ठेवले. ‘क्वीन’ या बँडच्या गाण्यांत ऐकू येणारे मे यांचे नाना रंगांचे आवाज याच खटक्यांतून निघालेले आहेत. याच बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारूख बलसारा, यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये झाले होते.

याच दशकात या छंदाचा उद्योग झाला. त्यापूर्वी पिकअप बदलायचा तर दुसरी गिटार मोडावी लागे किंवा जुन्यावर नव्याने वेढे घ्यावे लागत. लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२ साली ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा अधिक जोराचा हमबकर केवळ बदली भाग म्हणून बनवला. सीमोर डंकन यांची कंपनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे सुरू झाली. आज अशा लहानमोठ्या उत्पादकांची जगभर रेलचेल आहे.

आवाज कशाने ठरतो?

जाहिरातींतील विशेषणांपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, वेढ्यांची संख्या. वेढे वाढले की जोर वाढतो, पण वरच्या स्वरांशांची झळाळी कमी होते. दुसरी, चुंबक. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे ‘अल्निको’ चुंबक पारंपरिक मानले जातात. त्यांपैकी ‘अल्निको-२’ मवाळ, तर ‘अल्निको-५’ अधिक ठणठणीत समजला जातो. सिरॅमिक चुंबक जोरकस पिकअपमध्ये अधिक आढळतात. तिसरी, जागा. ब्रिजजवळ तारेचे कंपन आखूड असते, म्हणून तेथील आवाज टोकदार असतो. मानेकडे तो गोड आणि गोल होतो. चौथी, पुढची जोडणी. आवाजाच्या बटणाखालील ‘पोटेन्शिओमीटर’ सिंगल कॉइलसाठी सहसा २५० किलोओहमचा, तर हमबकरसाठी ५०० किलोओहमचा वापरतात. हमबकरला २५० चा जोडल्यास तो मंद वाटतो, आणि दोष मात्र पिकअपला दिला जातो.

अनेकजण पिकअपचा रोध मापून त्याचा जोर ठरवतात. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा रोध साधारण ६ किलोओहम, तर जुन्या धर्तीच्या हमबकरचा ८ किलोओहमच्या आसपास असतो. मात्र अधिक बारीक तार वापरली तरी रोध वाढतो. त्यामुळे हा आकडा एकाच जातीच्या दोन पिकअपची तुलना करण्यापुरताच उपयोगी आहे.

खर्च करण्यापूर्वी

नवा पिकअप घेण्यापूर्वी जुन्याची उंची बदलून पाहावी. त्याला एक पेचकस पुरतो. पिकअपच्या दोन टोकांचे स्क्रू फिरवले, की तो तारांकडे वर येतो किंवा खाली जातो. शेवटच्या पट्टीवर तार दाबून तिच्या आणि पिकअपच्या खांबामधील अंतर मोजावे. सिंगल कॉइलसाठी ते दोन ते अडीच मिलिमीटर, तर ब्रिजजवळच्या हमबकरसाठी सुमारे दीड मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. पिकअप फार जवळ आणल्यास चुंबक तारेला ओढू लागतो, जाड तारा बेसूर होतात आणि स्वर लवकर विझतो. हे साधल्यावर नव्या तारा चढवून पुन्हा ऐकावे. पुष्कळांचे समाधान येथेच होते.

मग नेमके काय कमी पडते ते ठरवावे. केवळ घरघर हीच तक्रार असेल, तर खोबणीच्या आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ‘ग्राउंड’ला जोडल्यास काही प्रकारचा खरखराट कमी होतो. विजेच्या चुंबकक्षेत्राची घरघर मात्र त्याने जात नाही. तिच्यासाठी एकावर एक वेटोळी ठेवलेले ‘नॉइझलेस’ पिकअप मिळतात. ते सिंगल कॉइलच्याच मापाचे असल्याने लाकूड कोरावे लागत नाही. सिंगल कॉइलच्या जागेत बसणारे अरुंद हमबकरही त्याच कारणाने उपयोगी ठरतात. घरातील प्लगला योग्य अर्थिंग आहे याची खात्री आधी करून घ्यावी. घरघर जावी म्हणून ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन कापून टाकणे जिवावर बेतू शकते.

प्रत्यक्ष अदलाबदल

लागणारी साधने थोडी आहेत : २५ ते ४० वॉटची सोल्डरिंग आयर्न, राळयुक्त सोल्डरची तार, पेचकस, वायर कटर आणि मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती सहज मिळतात. जुनी जोडणी सोडवण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून घ्यावे किंवा कागदावर आकृती काढावी. सोडवलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी. सोल्डर वितळून तारेवर व बैठकीवर पाझरेपर्यंतच उष्णता द्यावी. अधिक वेळ धरल्यास पोटेन्शिओमीटर आतून जळतो. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात धुवावेत आणि धुराकडे तोंड करून बसू नये.

हमबकरमधून बहुधा चार रंगीत तारा आणि एक उघडी तार निघते. चार तारांमुळे एक वेटोळे बंद करून हमबकरमधून सिंगल कॉइलसारखा आवाज काढता येतो. या रंगांना एकच मान्य संकेत नाही, आणि नवखे येथेच फसतात. डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार संदेशाची असते. डिमार्झिओमध्ये संदेशाची तार तांबडी असते आणि काळी तार दोन वेटोळ्यांच्या आपसातील सांध्यात जाते. म्हणून एकाची आकृती दुसऱ्याला लावू नये.

नवा आणि जुना पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पातळ व नाकातून आल्यासारखा वाटला, तर दोघांची विद्युतदिशा उलट आहे असे समजावे. नव्याच्या दोन टोकांची अदलाबदल केली की दोष जातो. मात्र पिकअपचे धातूचे आवरण त्याच तारेला जोडलेले असेल, तर ते आधी वेगळे करून स्वतंत्रपणे ग्राउंडला जोडावे. अन्यथा आवरणाला हात लागताच घरघर होते. हा दोषही कधी कधी गुण ठरतो. ‘फ्लीटवूड मॅक’चे संस्थापक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये मानेकडील पिकअपचा चुंबक उलटा होता. त्यातून येणारा पोकळ, विव्हळ आवाज ही त्यांची ओळख झाली.

त्याहून पुढची पायरी म्हणजे जुन्या पिकअपला नवे वेढे घालणे. वेढे तुटल्याने मुका झालेला पिकअप असा पुन्हा बोलता करता येतो. कारखान्यात ही तार दीर्घकाळ हाताने सोडली जाई. १९५६ साली फेंडरमध्ये रुजू झालेल्या ॲबिगेल इबारा यांनी वळलेल्या पिकअपना वादकांमध्ये विशेष मान आहे. तार किती ताणायची आणि ती डावी-उजवीकडे किती विखरायची, हे हाताला कळावे लागते. मेण देताना ते थेट जाळावर न तापवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे आणि ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. अधिक तापल्यास आतील प्लास्टिक वाकते आणि मेण पेट घेण्याचाही धोका असतो.

जपणे आणि घडवणे

जुन्या, मूळ अवस्थेतील गिटारची किंमत बरीचशी तिच्या अस्पर्शित अवस्थेत असते. कारखान्याचा एखादा सांधा वितळला तरी संग्राहकाच्या लेखी ती घटते. दुसऱ्या बाजूस ‘पिंक फ्लॉइड’चे डेव्हिड गिलमोर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचे उदाहरण आहे. १९७० साली घेतलेल्या या गिटारची मान, ब्रिज आणि पिकअप अनेकदा बदलले गेले. १९७३ मध्ये तिच्यात काही काळ हमबकर बसवला गेला, तर १९७९ पासून ब्रिजजवळ डंकनचा खास वळलेला पिकअप होता. जून २०१९ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली. लिलावात गिटारला मिळालेली तोवरची ती सर्वोच्च किंमत होती. अर्थात ही किंमत पिकअपची नव्हती. त्या गिटारवर वाजवल्या गेलेल्या संगीताची होती.

सामान्य वादकाला या दोन टोकांच्या मध्येच निर्णय घ्यायचा असतो. कारखान्यात हजारोंनी बनलेल्या स्वस्त गिटारवर प्रयोग करायला हरकत नाही. व्हॅन हेलन यांनीही सदोष लाकडावरच पटाशी चालवली होती. वडिलांची किंवा काकांची जुनी गिटार हाती आली असेल, तर मात्र लाकूड न कोरता बसेल असाच पिकअप निवडावा. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमध्ये पिकअप ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर बसतात ती पट्टीच दुसरी घेऊन तिच्यावर संपूर्ण नवी जोडणी करता येते आणि मूळ पट्टी जशीच्या तशी काढून ठेवता येते.

काढलेला पिकअप फेकून देऊ नये. पावसाळ्याच्या दमट हवेत चुंबकाचे खांब आणि स्क्रू गंजतात. म्हणून तो कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, आणि सोबत गिटारचे नाव, पिकअपची जागा व बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. नव्या आवाजाचा कंटाळा आला किंवा गिटार पुढच्या पिढीच्या हाती गेली, तर तिचा पहिला आवाज त्या डबीत शाबूत असेल.